चौदाव्या दिवशी जांभळी पडणारी अरॅबिडॉप्सिसची रोपं: दर खेपेला तेच का होतं?

आधी लक्षण नेमकं सांगते, म्हणजे तुमचीही अडचण हीच आहे का ते पडताळता येईल.

पेरणीआधी काही दिवस गारव्यात ठेवलेलं बी उजेडात आणलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीवर हिरवे ठिपके दिसतात. दोन दलपत्रं उघडतात, दहाव्या दिवसाच्या सुमाराला पहिली खरी पानं येतात. इथपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं असतं. दुसरा आठवडा संपता संपता मात्र वाढ थांबते. पानांची खालची बाजू जांभळट होते, देठ लालसर दिसायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन बोटं रुंद व्हायला हवं ते रोप नखाएवढंच राहतं. काही रोपं आडवी होतात. जी तगतात ती बोटभर दांडा काढून चार-पाच शेंगा धरतात आणि संपतात. पुढच्या पेरणीलाही तोच दिवस, तोच रंग.

माझ्याकडे असं लागोपाठ पाच वेळा झालं. पहिल्या तीन वेळा मी चुकीच्या गोष्टीवर उपाय करत बसले होते, आणि त्यातल्या एका उपायाने तर दुखणं वाढलं. त्यामुळे नुसतं कारण सांगून थांबत नाही, तिथवर कशी पोचले तेही लिहिते.

रोपाची थोडी ओळख हवी, कारण उत्तर तिच्यातच आहे. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातलं रानटी तण. फूल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, पांढरं, पण पाकळ्या मोहरीसारख्याच चार आणि फुलीच्या आकारात मांडलेल्या. १५७७ साली योहानेस थाल या वैद्याने जर्मनीतल्या हार्झ डोंगरात ते नोंदवलं आणि त्याच्याच नावावरून पुढे ‘थॅलियाना’ हे नाव पडलं. २००० साली संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ही पहिली वनस्पती, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ती आहे. पण कुंडीत वाढवताना तिची ही कीर्ती विसरावी आणि ती मुळात कुठे उगवते ते आठवावं: वाळूमिश्रित, खडकाळ, उघडी पडलेली, कस नसलेली जमीन, रस्त्याच्या कडा, भिंतींच्या फटी. अशा ठिकाणी पाणी येतं आणि निघून जातं. सतत ओल्या, सुपीक, मऊ मातीची या झाडाला सवयच नाही. आपण नेमकी तीच माती प्रेमाने तयार करून देतो.

पहिला संशय मला स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसच्या कमतरतेचा आला. जांभळी पानं दिसली की कुणीही हेच सांगेल, आणि त्यात तथ्य आहे. स्फुरद कमी पडलं की पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य साठतं. मी पातळ द्रवखत सुरू केलं, आठवड्यातून दोनदा. जांभळेपणा तसूभरही कमी झाला नाही. उलट मातीवर हिरवी बुळबुळीत साय धरली. ते शेवाळ होतं. तेव्हा मी ते दुर्लक्षून सोडलं, हीच मोठी चूक झाली.

दुसरा संशय तापमानाचा आणि उजेडाचा. रात्री फार गार पडलं किंवा दिवा फार जवळ असला तरी हेच रंगद्रव्य बनतं. तापमापक ठेवून पाहिलं तर दिवसा २२ आणि रात्री २० अंश सेल्सिअस, म्हणजे या रोपाला हवं तेवढंच. दिवा एक वीत वर घेतला. काही फरक पडला नाही.

तिसऱ्या वेळी मुळांना मदत म्हणून मायकोरायझाची पूड मिसळली. ती निव्वळ वाया गेली. बहुतेक वनस्पतींची मुळं या उपकारक बुरशीशी सोयरीक जोडतात, पण मोहरी कुळ सहसा जोडत नाही. या कुळातलं काहीही लावत असाल तर ही पूड घालू नका.

एवढं झाल्यावर एक गोष्ट डोक्यात शिरली. जांभळा रंग हा रोग नाही, ती हाक आहे. रोप अडचणीत आहे एवढंच तो सांगतो, अडचण कसली ते सांगत नाही. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीत हेच रोप वाढवल्याचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बी रुजलं, पण पुढे मुळं खुरटली आणि काही रोपांवर लालसर काळपट रंग चढला. रंग तसाच, कारण मात्र अगदी वेगळं. तेव्हा पानाकडे बघत बसून उत्तर मिळणार नव्हतं, रोप उपटून बघायला हवं होतं. जपून वाढवलेलं रोप उपटायला हात धजत नाही, पण ट्रेमधली चार रोपं यासाठी खर्ची घालाच.

चौथ्या खेपेला मी चिमट्याने एक जांभळं रोप मातीसकट उचललं आणि पाण्याच्या वाटीत हलकेच धुतलं. दोन आठवड्यांच्या निरोगी रोपाचं मुख्य मूळ पांढरंशुभ्र, दोऱ्यासारखं लांब असतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी केसांसारखी उपमुळं फुटलेली असतात. माझ्या रोपाला जेमतेम सेंटिमीटरभर तपकिरी खुंट उरला होता. टोक कुरतडल्यासारखं, एका बाजूला एकच उपमूळ. शेजारचं हिरवं रोप काढलं तर त्याचं मूळ तीन-चार पट लांब निघालं. म्हणजे मातीत अन्न भरपूर होतं, पण ते घ्यायला मूळच नव्हतं. खत घालून काय होणार?

मूळ कोण खातंय ते बघायला कच्च्या बटाट्याची चाचणी केली. बटाट्याची पातळ चकती कापून ओल्या मातीवर अलगद दाबून ठेवायची आणि दीड-दोन दिवसांनी उलटून बघायची. मी उलटली तेव्हा खालच्या बाजूला सात-आठ अळ्या वळवळत होत्या. काचेसारखं पारदर्शक अंग, आतल्या आतड्याची काळपट रेघ बाहेरून दिसणारी, पाय नाहीत आणि डोकं मात्र काळं चकचकीत. सर्वांत मोठी चार-पाच मिलिमीटरची असेल. या मातीतल्या चिलटांच्या अळ्या. कुंडी हलवली की जी बारीक काळी चिलटं उडतात आणि जी आपण ‘ती काय करणार’ म्हणून सोडून देतो, त्यांचीच ही पोरं.

त्यांचं वेळापत्रक रोपाच्या वेळापत्रकाशेजारी मांडलं आणि चौदाव्या दिवसाचं कोडं सुटलं. पाचव्या-सहाव्या दिवशी आपण ट्रेवरचं पारदर्शक झाकण काढतो. त्याच दिवसापासून चिलटांना ओली माती उघडी मिळते. मादी वरच्या थरात शंभरावर अंडी घालू शकते. चार-पाच दिवसांत अंडी फुटतात. अळ्या आधी बुरशी आणि शेवाळ खातात, थोड्या मोठ्या झाल्या की कोवळ्या मुळांकडे वळतात. एवढ्यात दुसरा आठवडा संपलेला असतो. टोमॅटोच्या किंवा जास्वंदीच्या मुळांना याने फारसा धक्का बसत नाही. पण ज्या झाडाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे पन्नास हजार बिया बसतात, त्या झाडाच्या दोन आठवड्यांच्या रोपाला मूळ असं कितीसं असणार?

माझ्या खताने दुखणं का वाढलं तेही आता कळलं. खत आणि सततची ओल यांवर शेवाळ पोसलं गेलं, शेवाळावर अळ्या पोसल्या गेल्या. मी रोपाला म्हणून जे घालत होते ते खाणारं दुसरंच कुणी होतं.

आता तुमच्याकडे नक्की हेच आहे का ते कसं ओळखायचं? जांभळेपणा विखुरलेला असेल, म्हणजे एका कुंडीत तीन रोपं खुरटलेली आणि दोन धडधाकट, तर मुळांचा संशय धरा. ट्रेचा जो कोपरा जास्त ओला राहतो तिथे जास्त रोपं गेली असतील तर संशय पक्का. कुंडी उचलली तर जड, आणि तरीही पानं मलूल, ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. सगळा ट्रे एकसारखा जांभळा असेल तर अळ्या नसतील. रंग दिव्याकडच्या, वरच्या बाजूला चढला असेल आणि पानं आखूड, जाडसर असतील तर उजेड जास्त होतोय. जुनी पानं आधी जांभळी होत असतील, मातीवर शेवाळ नसेल आणि मूळ शाबूत असेल, तर मात्र खरोखर अन्न कमी पडत असेल आणि पातळ खत द्यायला हरकत नाही. गारठ्याने आलेला रंग ऊब मिळाली की नव्या पानांवर दिसत नाही.

रोप आडवं पडलं आणि मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट झाला असेल तर ती रोपमर, बुरशीची. तीही जास्त पाण्यामुळेच येते, आणि बहुधा पहिल्या दहा दिवसांतच. चिलटांच्या अळ्या बुरशीचे बीजाणूही इकडून तिकडे नेतात, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसलं तर नवल नाही.

चालू ट्रे वाचवायचा असेल तर पहिलं काम वरून पाणी आणि खत दोन्ही थांबवणं. मातीचा वरचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कोरडा पडू द्या. अळ्यांचा मुक्काम मुख्यतः वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतो आणि कोरड्यात त्या टिकत नाहीत. रोपाला भीती वाटण्यासारखं यात काही नाही, त्याचं उरलंसुरलं मूळ खालच्या ओलीकडे जाईल. इतर कुंड्यांसाठी लोक वर जाड वाळूचा थर द्यायला सांगतात आणि तो उपाय चांगला आहे, पण इथे करू नका. अरॅबिडॉप्सिसचा पानांचा चक्राकार गुच्छ मातीला चिकटून असतो आणि वाढीचा कोंब मधोमध, जमिनीलगत. वाळू टाकली की तोच गाडला जातो. मी दोन कुंड्या अशा घालवल्या.

अळ्यांसाठी बीटीआय वापरा, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा उपप्रकार. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच. साधं बीटी इथे चालत नाही, ते पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठी असतं. पाण्यात कालवून ड्रॉपरने रोपांच्या मधल्या जागेत सोडा. हे जिवाणू अळीच्या पोटात गेले तरच काम करतात आणि मातीत काही दिवसांतच निष्प्रभ होतात. म्हणून दर आठवड्याला एकदा, असं किमान तीनदा. एकदाच देऊन ‘उपयोग झाला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. स्टायनरनेमा फेल्टिए हे उपकारक सूत्रकृमी मिळाले तर तेही चांगले, फक्त त्यांना थोडी ओल लागते, त्यामुळे ते दिल्यावर लगेच माती सुकवू नका.

पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. त्यांत फक्त उडणारी चिलटं सापडतात, अळ्या मातीत तशाच राहतात. मला त्यांचा खरा उपयोग मोजणीसाठी होतो. सापळा मातीपासून दोन बोटं वर आडवा ठेवायचा आणि दर आठवड्याला चिलटं मोजायची. आकडा घसरतोय की चढतोय, एवढं कळलं तरी पुरे.

पण एवढं सगळं करूनही पुढच्या पेरणीला पुन्हा तेच झालं, आणि ‘वारंवार’चं खरं उत्तर मला तिथे मिळालं. माझ्या मांडणीवर वरच्या फळीवर नवी पेरणी असायची आणि खालच्या फळीवर आधीच्या खेपेची फुलांवर, शेंगांवर आलेली झाडं. त्या मोठ्या झाडांना अळ्यांचा काही त्रास दिसत नव्हता, म्हणून तिकडे माझं लक्षच नव्हतं. अंड्यापासून चिलट व्हायला या तापमानाला तीन-चार आठवडे लागतात आणि अरॅबिडॉप्सिसला बियांपासून बियांपर्यंत सहा ते आठ आठवडे. म्हणजे एका ट्रेच्या आयुष्यात चिलटांच्या दोन पिढ्या, आणि दोन पेरण्या शेजारी-शेजारी असल्या की ही साखळी तुटतच नाही. मी औषध वरच्या फळीला देत होते आणि चिलटं खालून येत होती.

मग सगळं एकदम थांबवलं. शेंगा पिकलेली झाडं काढली, त्यांची माती बांधून बाहेर टाकली, ट्रे गरम साबणपाण्याने घासले आणि महिनाभर फळ्या रिकाम्या ठेवल्या. घरातल्या इतर कुंड्यांवरही बटाट्याच्या चकत्या ठेवून बघितल्या, एकीत अळ्या सापडल्या. ती कुंडी दुसरीकडे हलवली.

नव्या मातीची पिशवी निर्दोष असते असं धरून चालू नका. अंडी बऱ्याचदा तिच्यातूनच येतात. मी आता माती ओलसर करून वाफेवर ठेवते, आतला गाभा ७० अंशांपर्यंत तापला की तिथून अर्धा तास. त्याहून जास्त शिजवायची गरज नाही. फार तापवलेल्या मातीत अमोनियम आणि मँगनीज मोकळं होऊन कोवळ्या रोपांना बाधू शकतं. मिश्रणात परलाइट (पांढरे, हलके खडे) किंवा जाड वाळू सढळ हाताने घाला, एक चतुर्थांश तरी. कोकोपीट वापरत असाल तर ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार बरेच असतात आणि हे रोप क्षारांना नाजूक आहे.

पाणी खालून. ट्रेमध्ये बोटभर पाणी ओतायचं, अर्धा तास थांबायचं, उरलेलं काढून टाकायचं. ‘उरलेलं काढून टाकायचं’ हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त विसरलं जाणारं. पुढचं पाणी कधी द्यायचं यासाठी दिवस मोजू नका, कुंडी तोला. मी पेरणीआधी एक कुंडी कोरडी असताना वजन करते आणि निथळल्यावर पुन्हा करते. या दोन्हींतल्या फरकाचा निम्मा भाग उडाला की पाणी. आठवडाभर वजनकाटा वापरला की हाताला सवय होते, मग नुसती उचलून कळतं. अपवाद फक्त पहिले पाच-सहा दिवस. बी मातीवर उघडं पडलेलं असतं, तेव्हा वरचा थर कोरडा पडला तर अंकुर जागीच वाळतो. त्या दिवसांत झाकण ठेवाच. झाकण काढताना एकदम काढू नका, दोन दिवस थोडं तिरकं ठेवा आणि मग त्याऐवजी बारीक जाळीचं कापड ताणून बसवा. तिसरा आठवडा उलटेपर्यंत ते राहू द्या. तोवर मुळांना बळ येतं आणि दोन-चार अळ्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. कापडाची वीण मात्र खरंच दाट हवी, साध्या मच्छरदाणीतून ही चिलटं सहज आत जातात.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. बी उगवतच नसेल तर बहुधा ते मातीखाली गेलंय. त्याला उजेड लागतो, वर माती घालायची नाही. ओल्या बिया पेरणीआधी तीन-चार दिवस ४ अंशांच्या गारव्यात, अंधारात ठेवल्या तर सगळ्या एकाच वेळी उठतात. पानांचे देठ लांबून पानं उभी राहत असतील तर उष्णता जास्त आहे किंवा उजेड कमी. दीड-दोन महिने झाले, गुच्छ मोठा होतोय पण दांडा निघत नाही, असं असेल तर दिवसाचा उजेड १६ तासांवर न्या. तरीही काही झालं नाही तर तुमचं बियाणं हिवाळा मागणाऱ्या वाणाचं असेल. त्याची रोपं सहा-आठ आठवडे ४ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, मग फुलतात. ‘कोलंबिया’ वाणाला हे लागत नाही, नवख्यांनी त्यापासूनच सुरुवात करावी.

महिनाभराच्या खंडानंतर केलेल्या पेरणीचा आज एकविसावा दिवस. चोवीसपैकी बावीस रोपं हिरवी आहेत. एकाचं पान भिंगाखाली धरलं, तर वरची लव अगदी स्पष्ट दिसली, प्रत्येक केसाला तीन फाटे फुटलेले. जांभळं पान एकच सापडलं, दिव्याच्या बरोबर खालचं. सापळ्यावर या आठवड्यात तीन चिलटं आली आहेत, म्हणून बीटीआयचा तिसरा हात उद्या देणार आहे. शेंगा पिवळ्या पडून हा ट्रे फळीवरून उतरेपर्यंत शेजारी दुसरी पेरणी करणार नाही.